राजांच्या ममी एकाच भुयारात कशा आल्या, त्यामागची गोष्ट

ममी कशी बनवायचे, पिरॅमिड कशासाठी बांधले हे बहुतेकांनी वाचलेलं असतं, त्यामुळे ते सोडून देऊ. आज कैरोच्या म्युझियममध्ये दिसणारे प्राचीन इजिप्तचे बहुतेक राजे त्यांच्या स्वतःच्या थडग्यात सापडलेलेच नाहीत, याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं.

इजिप्तच्या नव्या राज्याच्या काळात (साधारण इ.स.पू. १५५० ते १०७०) राजांना आजच्या लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिमेला डोंगर पोखरून पुरायचे. पुढे तिजोरी आटली, राजा रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्य थकलं म्हणून थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी चक्क काम बंद केलं. रामसेस नवव्याच्या काळात चोऱ्यांचे खटले चालले, त्यातल्या कबुलीजबाबात दगड फोडणारा कारागीरच चोर निघाला. आतली माणसं सामील होती.

मग इ.स.पू. १०७०च्या सुमारास राज्य दुभंगलं, दक्षिण भाग आमून देवाच्या पुजाऱ्यांच्या हातात गेला आणि त्यांनी जुन्या राजांना थडग्यांतून बाहेर काढून, नव्याने गुंडाळून दुसरीकडे ठेवायचा निर्णय घेतला. वाद आहे तो इथेच. शवपेट्यांवर, कापडांवर शाईने नोंदी आहेत, कोणाला कधी कुठे हलवलं त्याच्या. रामसेस दुसरा आधी वडिलांच्या थडग्यात गेला, नंतर त्याच डोंगरातल्या देर अल-बहरीजवळच्या भुयारात. नोंदी वाचल्या की वाटतं किती श्रद्धेने केलंय सगळं, आणि बरीच वर्षं असंच सांगितलं गेलं की पुजाऱ्यांनी राजांना चोरांपासून वाचवलं.

मला हे अर्धंच पटतं. कारण थुतमोस तिसऱ्याच्या पेटीवरचं सोनं तासून काढलंय, सेती पहिल्याची पेटी सोनं उतरवून पांढरी केलीय, एका मुख्य पुजाऱ्याने तर थुतमोस पहिल्याच्या पेट्या स्वतःसाठी वापरल्या. नूबियात, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेला, लढणाऱ्या एका सेनापतीला थीब्जहून (आजचं लक्झर) लेखनिकाने लिहिलेलं पत्रही सापडलंय, त्यात सेनापतीचाच हुकूम दिलाय की जुन्यांपैकी एक थडगं उघडा आणि मी येईपर्यंत त्याचं सील सांभाळा. लढाईला पैसा लागत होता आणि सोनं डोंगरात पडून होतं! देह जपले हे खरंच, पण सोनं सरकारजमा झालं हेही तेवढंच खरं, आणि दुसरी बाजू सांगायची राहून जाते. उत्तरेतल्या तानिस शहरात १९४०मध्ये उघडलेल्या, नंतरच्या एका राजाच्या थडग्यात बाहेरची दगडी शवपेटी मेरनेप्ताह या जुन्या राजाची निघाली, म्हणजे जुन्या राजांचं सामान पार तिकडेपर्यंत गेलं होतं. तुतनखामुन वाचला कारण त्याच्या थडग्याचं तोंड दगडमातीखाली गाडलं गेलं आणि वर नंतरच्या मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, म्हणून तर १९२२ला तेवढं सोनं जागेवर मिळालं.

देर अल-बहरीजवळचं ते भुयार तिथल्या गावातल्या एका घराण्याला आधीच माहीत होतं, ते थोडं थोडं सामान विकत होते. १८८१मध्ये सरकारला पत्ता लागल्यावर ५०च्या आसपास ममी घाईघाईत बाहेर काढून बोटीने कैरोला नेल्या. १८९८मध्ये अमेनहोतेप दुसऱ्याच्या थडग्यात आणखी राजे सापडले. १९८०मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी कैरो म्युझियममधलं ममींचं दालनच बंद करायला लावलं, मेलेल्या राजांचं प्रदर्शन मांडणं त्यांना पटत नव्हतं. ते १९९४ला परत उघडलं आणि ३ एप्रिल २०२१ला २२ ममी मिरवणुकीने कैरोतल्याच नव्या म्युझियममध्ये गेल्या.