पुण्यातल्या घरांमध्ये नाश्ता कुठून आला?

"आज नाश्त्याला काय केलंत?" पुण्यात हा प्रश्न जिन्यात भेटलेल्या शेजारणीला विचारला जातो, मंडईत भाजी निवडताना विचारला जातो, आणि लेकीला सकाळी फोन केला की पहिला हाच असतो. उत्तर रोज वेगळं येतं. आज उपमा, काल धिरडी, उद्यासाठी इडलीचं पीठ भिजवून ठेवलेलं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात मात्र हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नसता. बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं होतं, आणि बऱ्याच घरांत सकाळी खाण्याची रीतच नव्हती.

न्याहारी होती ती कष्टकऱ्यांची. रात्रीची भाकरी, मिरचीचा खर्डा, बुक्कीनं फोडलेला कांदा, घरात दुभतं असेल तर ताक. मावळात, मुळशीत, हवेलीत शेतकरी त्यावर दुपारपर्यंत औत धरत असे. पेठांमधल्या ब्राह्मण घरांत स्नान, पूजा, नैवेद्य झाल्याशिवाय मोठ्या माणसांनी शिजवलेलं अन्न खायचं नाही, अशी शिस्त होती. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना तेवढा मऊ भात, मेतकूट, तूप. पाण्यात शिजलेलं ते खरकटं, त्याला सोवळ्याचे नियम कडक. लाह्या, चुरमुरे, भाजलेले दाणे यांना मात्र नियम सैल. दूध-पोहे किंवा दही-पोहेही याच सवलतीत बसायचे. पोह्यांनी पुढे जी आघाडी घेतली, तिचं मूळ मला या सवलतीत दिसतं. चूल पेटायच्या आधी, सोवळं न मोडता देता येईल असं घरात हेच होतं.

आता आपले कांदेपोहे बघा. पोहे फार जुने, सुदाम्यानं कृष्णाला नेले ते पोहेच. पण फोडणीतली मिरची, शेंगदाणे आणि बटाटेपोह्यांतला बटाटा हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच ते इकडे पोचले. पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे, कांदा पारदर्शक होईपर्यंत परतायचा, मीठ-साखर पोह्यांनाच चोळून घ्यायची, झाकण ठेवून एक दणदणीत वाफ आणायची, वरून खोबरं-कोथिंबीर आणि लिंबू. इतकी ओळखीची कृती, पण आजच्या रूपात ती पेशवाईत कोणी केली असेल असं मला वाटत नाही. दडपे पोहे त्या मानानं जुन्या वळणाचे वाटतात. कोकणातून देशावर आलेल्या घरांनी ते बरोबर आणले. त्यांना विस्तव फोडणीपुरताच लागतो.

मग चहा आला, आणि पुण्यात तो वाद घेऊनच आला. ऑक्टोबर १८९० मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक तिथे हजर होते. उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. पुढच्या दोन पिढ्यांत तोच चहा पुण्याच्या घराघरांत पहाटेचा पहिला जिन्नस झाला. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी थाटलेली अमृततुल्यं आणि लष्कर भागातली, डेक्कनवरची इराणी हॉटेलं यांनी त्याला रस्त्यावरही जागा दिली. चहा आला की बरोबर काहीतरी खायला लागतं. आधी पोळी किंवा खारी, मग केलेला पदार्थ. घरातल्या नाश्त्याला जागा चहानं करून दिली, असं माझं मत आहे.

खरी सक्ती मात्र घड्याळाची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. कचेऱ्या, सकाळच्या शाळा, आणि १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आल्यावर पुढे त्या सगळ्या पट्ट्यात उभे राहिलेले मोठे कारखाने. पहिल्या पाळीची बस पहाटे नाक्यावर यायची. अकराला जेवून बाहेर पडण्याची जुनी पद्धत पाळीवर जाणाऱ्या माणसाला परवडणारी नव्हती. त्याला घर सोडण्याआधी पोटाला आधार आणि हातात डबा, दोन्ही लागायचं. हा भार कोणावर पडला ते लिहिलंच पाहिजे. दोन जेवणांच्या वर तिसरा स्वयंपाक घरातल्या बाईच्या पहाटेत घातला गेला, आणि तो तिनं उरल्यासुरल्याचं सोनं करून निभावला. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, ताकातली उकड. या पदार्थांना 'शिळ्याचं' म्हणून खाली पाहण्याची सवय मला कधीच पटलेली नाही. पोळी हातानं किती बारीक कुस्करायची, कांदा किती मऊ ठेवायचा, पाण्याचा हबका नेमका कधी मारायचा, यात कसब आहे.

चुलीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह आणि नंतर गॅस आला तेव्हा हे काम थोडं हलकं झालं. चूल पेटवून तापायला वेळ जातो. स्टोव्हवर रवा भाजून उपमा किंवा सांजा अर्ध्या तासाच्या आत होतो. उपासाच्या साबुदाणा खिचडीची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा साबुदाणा बंद झाला, तमिळनाडूत सेलमच्या आसपास टॅपिओकापासून तो बनवण्याचा धंदा उभा राहिला, आणि आपल्या एकादशीची सोय तिकडून व्हायला लागली.

इडली-डोसा पुणेकरांनी आधी हॉटेलात खाल्ला. जगन्नाथ शेट्टी यांच्या रूपाली-वैशालीनं फर्ग्युसन रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना त्याची गोडी लावली. घरी करायचा म्हणजे पाट्यावर किंवा रगड्यात डाळ-तांदूळ वाटणं आलं. ते रोजच्या रोज कोण करणार? मिक्सर घरात आल्यावर इडली सणावारातून रविवारात आणि रविवारातून मंगळवार-बुधवारात आली.

आता सांगण्या-शिकण्याची बाजू. छापील पाककृती मराठीत तशा लवकर आल्या: 'सूपशास्त्र' हे पुस्तक १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं. तरी रोजचा पदार्थ शिकला जाई तो वाड्यात. एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडं, एक नळ, सामाईक जिना. समोरच्या सोलापूरकडच्या काकूंची शेंगाचटणी, वरच्या मजल्यावरच्या कोकणस्थांचं घावन, मागच्या बिऱ्हाडातल्या कारवारी वहिनींची आंबोळी. वाटी झाकून जायची आणि रिकामी परत येत नसे. प्रमाण विचारलं तर "अंदाजानं घाल गं" हेच उत्तर. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापात कृती सांगितली गेली. नव्या फ्लॅटमध्ये सासू-आईपासून लांब संसार मांडलेल्या मुलींना त्याचा केवढा आधार झाला, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा.

भाजणी मात्र अजून पुस्तकात पुरती बसलेली नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं आणि प्रत्येक घराचं भाजणंही निराळं. उडीद कमी पडला की थालीपीठ कडेला फाटतं, धने जास्त भाजले तर कडसर लागतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून पुण्यात ज्वारीची, नाचणीची धिरडी नव्यानं कौतुकानं केली जातात, त्यांचे फोटो पाठवले जातात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. फक्त ती कृती सांगताना ती मुळात मावळातल्या न्याहारीची आहे, हेही सांगितलं जावं. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही विकणाऱ्या बायका हे अन्न आजही चुलीवर रांधतात.