टाके घालणे (दोन सुयांवरचे विणकाम)

टाके घालणे : लोकरीच्या किंवा सुती धाग्याचे फास सुईवर ओळीने चढवून विणकामाची पहिली कड तयार करणे. या फासांतून नवे फास ओढले की पुढची ओळ होते. विणणारे तिला ‘एक सुई’ म्हणतात.

विणकामाचा उगम वादग्रस्त असून वादाचे मूळ तंत्रात आहे. ईजिप्तमध्ये सापडलेले, इ. स. तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या सुमाराचे अंगठा वेगळा असलेले लोकरी मोजे आणि सिरियातील दुरा-यूरोपोस (सु. २५६ मध्ये उजाड) येथील तुकडे पूर्वी विणकामाचेच मानले जात. ही वस्त्रे बहुधा एका नेढ्याच्या सुईने केलेल्या गुंफणीची असावीत, हे मत वस्त्र-अभ्यासक डोरोथी बर्नहॅम यांच्या १९७२ मधील लेखानंतर स्थिरावले. या गुंफणीस नॉलबिंडिंग म्हणतात. तिच्यात धाग्याचा आखूड तुकडा प्रत्येक फासातून पूर्ण ओढून घेतात, त्यामुळे ती सहज उसवत नाही. विणकामात धागा अखंड असतो व फासातून फक्त फास ओढला जातो. टोक खेचले की सारे उसवते. गुंफणीचा एक प्रकार पिळाच्या सुलट टाक्यासारखाच दिसतो (सुलट टाक्यात नवा फास मागून पुढे ओढतात), म्हणून घोटाळा झाला. (नवशिका फासाच्या पुढच्या पायाऐवजी, म्हणजे सुईच्या पुढे येणाऱ्या बाजूऐवजी, मागच्या पायात सुई घालतो, तेव्हा असाच पीळ पडतो.)

खऱ्या विणकामाचे जुने नमुने म्हणजे ईजिप्तमधील निळे-पांढरे सुती मोजे. त्यांचा काळ अकराव्यापासून चौदाव्या शतकापर्यंत वेगवेगळा दिला जातो. स्पेनमधील लास उएल्गास मठात कॅस्टीलचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा (मृत्यू १२७५) याच्या थडग्यातील विणलेल्या उशीमुळे तेराव्या शतकाला भक्कम आधार मिळतो. कला ईजिप्तमधून स्पेनमार्गे यूरोपात गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जुने काम बहुतेक गोल, म्हणजे नळीसारखे सलग विणलेले आहे. गोल विणताना नुसत्या सुलट टाक्यांनी गुळगुळीत वीण येते, उलट टाक्याची (त्यात फास पुढून मागे ओढतात) गरज पडत नाही. उलट टाक्याचा खात्रीचा जुना दाखला म्हणून १५६२ मध्ये मरण पावलेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलिओनोरा दी तोलेदो हिच्या मोज्यांकडे बोट दाखवतात.

टाके घालण्याच्या पद्धती अनेक आहेत. रूढ पद्धतीत धाग्याचे लांब टोक सोडून सरकगाठ मारतात (ती पहिला टाका धरली जाते) आणि अंगठा व तर्जनी यांवर धागा ताणून फास उचलतात. टोक विणायच्या रुंदीच्या तिप्पट, शिवाय वर वीतभर ठेवणे सोयीचे. कमी पडल्यास सारे टाके पुन्हा घालावे लागतात. नवशिक्याची कड बहुधा आवळलेली येते. एक नंबर जाड सुईवर टाके घालून मग ठरलेल्या सुईवर विणणे हा त्यावर सोपा इलाज. मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, कमी केसाळ लोकर आणि ४ ते ५ मिमी. जाडीच्या सुया घेतल्यास टाके मोजता येतात. सुयांचे नंबर फसवे असतात : जुन्या ब्रिटिश पद्धतीत अंक वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड. त्यामुळे ८ नंबर पहिल्या पद्धतीत ४ मिमी. आणि दुसऱ्या पद्धतीत ५ मिमी. भरतो.

किती टाके घालायचे हे नमुन्याच्या चौकोनावरून (टाके मोजण्यासाठी आधी विणलेल्या लहान तुकड्यावरून) ठरते. १० सेंमी.त २० टाके धरून घातलेले १०० टाके ५० सेंमी. रुंदी देतात, हात घट्ट असून २२ बसले, तर तीच रुंदी सुमारे ४५.५ सेंमी. होते. पहिल्या पट्ट्यासाठी सर्व सुया सुलट विणणे योग्य. एक सुई सुलट, एक सुई उलट विणलेले कापड कडांना वळते आणि ही विणणाऱ्याची चूक नसते.

काम संपवताना टाके बंद करतात : दोन टाके विणून पहिला दुसऱ्यावरून उचलून टाकायचा व तसेच पुढे जायचे.