वेढे वाढवले की ताकद वाढते?

खेळण्यातली गाडी बंद पडली की तिची मोटार एकदा उघडून बघा. मागच्या टोपणावर दुमडलेले पत्र्याचे दोन कान स्क्रूड्रायव्हरने सरळ केले की आतलं आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग, हातात येतं. पातळ पत्र्यांची चळत, तिला तीन बाहू, प्रत्येक बाहूवर एनॅमलचा वीज अडवणारा लेप चढवलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि दांड्यावर कम्युटेटरच्या, म्हणजे फिरताना वेटोळ्यांतल्या प्रवाहाची दिशा पालटणाऱ्या भागाच्या, तीन पट्ट्या.

तीनच का? दोन बाहूंचं आर्मेचर कधीकधी नेमकं अशा जागी थांबतं, की चुंबकाची ओढ त्याला ना इकडे वळवते ना तिकडे. मग बोटाने ढकलल्याशिवाय ते सुरू होत नाही. तीन बाहू असले की कुठेही थांबलं तरी फिरवणारा जोर मिळतोच.

आता वेढे. जास्त वेढे म्हणजे जास्त ताकद, असं बहुतेकांना वाटतं. पण बाहूंमधली जागा ठरलेली आहे. समजा, तिथे ०.४ मिलिमीटर जाडीच्या तारेचे ५० वेढे बसतात. १०० बसवायचे तर तार साधारण ०.२८ मिलिमीटरची घ्यावी लागेल. तारेची लांबी दुप्पट झाली, छेदाचं क्षेत्रफळ निम्मं झालं, म्हणजे रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) चौपट. दर अँपिअरमागे मिळणारा पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, दुप्पट झाला खरा, पण बॅटरी तीच, समजा ६ व्होल्टची, ठेवली तर सुरुवातीचा प्रवाह पावच उरला. हिशेब केला तर सुरुवातीचा पीळ निम्माच! वेगही निम्मा होतो, कारण फिरणारं वेटोळं स्वतःच उलटा विद्युतदाब तयार करतं आणि वेढे दुप्पट असले की तो निम्म्या वेगालाच बॅटरीच्या दाबाशी बरोबरी करू लागतो.

आता ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्ट द्या. पीळ पहिल्याइतका, वेगही पहिल्याइतका. प्रवाह निम्मा, रोध चौपट, म्हणून तारेत होणारी उष्णताही तेवढीच. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. तांबं तेवढंच असेल तर वेढ्यांची संख्या मोटारीला बलवान करत नाही, ती फक्त कुठल्या व्होल्टवर चालायची ते ठरवते.

खरी ताकद हवी तर चुंबक जोरदार हवा, नाहीतर त्याच जागेत तांबं जास्त कोंबायला हवं. तेही सोपं नाही. गोल तारा कितीही चिकटवून रचल्या तरी ९०.७ टक्क्यांच्या वर जागा भरत नाही. त्यात एनॅमलचा थर, आणि तार जितकी बारीक तितका त्या थराचा वाटा मोठा. म्हणून रिवाइंडिंगचा, म्हणजे मोटारीत नवी तार गुंडाळणारा, चांगला कारागीर तार ताणून, वेढ्याला वेढा लावून भरतो. जुनी तार काढताना तिचे वेढे मोजतो आणि जाडी मायक्रोमीटरने बघतो.

घरी गुंडाळणार असाल तर तिन्ही बाहूंवर वेढे सारखे आणि एकाच दिशेने घ्या. एका वेटोळ्याचं शेवटचं टोक पुढच्याच्या पहिल्या टोकाला जोडा आणि तो सांधा कम्युटेटरच्या पट्टीवर डाखा. सांध्याआधी टोकांवरचं एनॅमल पॉलिश पेपरने खरवडायला विसरू नका. मग रोध मोजायला मल्टिमीटर लावा. पट्ट्यांच्या तिन्ही जोड्यांत रोध सारखा दिसला पाहिजे. एका जोडीत तो बाकी दोघींच्या दुप्पट आला, तर त्या दोन पट्ट्यांमधलं वेटोळं तुटलेलं आहे किंवा त्याचा सांधा सुटलेला आहे.