चौदा मिलीसेकंदांचा झोका

किक, म्हणजे ड्रमचा जाड खालचा ठोका, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, कडक स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, वरून हाय-हॅटचे, म्हणजे झांजांच्या जोडीचे, सोळा ठोके. सगळं सॉफ्टवेअरमधल्या ग्रिडच्या रेघेवर चोख. चुकलेलं काहीच नाही, तरी मान काही हलत नाही. हिप-हॉप बीट करायला बसलेले बहुतेक जण इथे अडकतात आणि मग नवे ड्रम किट, नवी प्लगइन्स (आवाज घडवणारी जोड-सॉफ्टवेअरं) शोधत सुटतात. मीही तेच केलं. हार्ड डिस्कवर शेकडो स्नेअर साठल्या, बीट होती तिथेच राहिली.

थोडं गणित करू. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत, एक मात्रा ६६७ मिलीसेकंदांची. तिचे चार भाग केले की हाय-हॅटचा ठोका दर १६७ मिलीसेकंदांनी पडतो. आता प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका जरासा मागे सरकवा. १४ मिलीसेकंद सरकवला की तो साधारण ५४ टक्के स्विंग, म्हणजे जोडीच्या वेळेतला ५४ टक्के वाटा पहिल्या ठोक्याला. २८ सरकवला की ५८ टक्के. ५६ सरकवला की जोडीची वाटणी दोनास एक होते आणि ठेका उघड उघड झुलू लागतो. माझ्या मते खरी गंमत त्या पहिल्या आकड्यात आहे. दोन वेगळे आवाज २० मिलीसेकंदांच्या आत वाजले तर आधी कुठला आला हे सांगताना कान गोंधळतो. १४ मिलीसेकंद तर त्याहूनही कमी. तो उशीर म्हणून जाणवत नाही, चाल सैल झाल्यासारखी वाटते, एवढंच.

हा सरकवण्याचा खेळ यंत्रात आणला अमेरिकन वाद्य-अभियंता रॉजर लिन यांनी. १९८० च्या त्यांच्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये ठोके ग्रिडवर बसवायची सोय होती आणि स्विंगचीही. १९८८ मध्ये अकाई कंपनीसाठी त्यांनी एमपीसी६० हे बोटांनी पॅडवर वाजवायचं यंत्र घडवलं. त्यात एका मात्रेचे ९६ भाग पडत, म्हणजे ९० बीपीएमला एक पायरी सुमारे ७ मिलीसेकंदांची. आपले १४ मिलीसेकंद म्हणजे नेमक्या दोन पायऱ्या. ‘एमपीसीचा स्विंग’ म्हणून लोक ज्याच्या आजही आणाभाका घेतात, ते मुळात एवढंच आहे. जादूचा भाग, माझ्या मते, बराचसा भक्तीचा.

डेट्रॉइटचा बीट बांधणारा जे डिला (१९७४–२००६) मात्र पुढे गेला. यंत्राने ठोके सरळ करून द्यायची सोय बाजूला ठेवून तो पॅडवर हाताने वाजवायचा. एक वाद्य सरळ चालतंय, दुसरं झुलतंय, आणि दोन्ही एकाच लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यात, असा त्याचा ढंग. त्याचं एमपीसी३००० आज वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मग ठोके कसेही इकडेतिकडे फेकले की काम झालं का? सॉफ्टवेअरमधलं ‘ह्यूमनाइझ’ बटण बऱ्याचदा तेच करतं, आणि बीट जिवंत व्हायच्या ऐवजी लडखडते. याचं कारण २०११ मध्ये जर्मनीतल्या होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. माणूस वाजवतो तेव्हा त्याच्या चुका सुट्या सुट्या नसतात, त्यांना स्मृती असते. आत्ता जरा मागे पडलेला हात पुढचे बरेच ठोके त्याच कलाने जातो आणि मग सावकाश सावरतो. नुसत्या फाशांनी ठरवलेल्या चुका आणि अशा एकमेकींना धरून असलेल्या चुका, दोन्ही ऐकवल्यावर श्रोत्यांनी दुसऱ्या पसंत केल्या. म्हणून ते बटण मी वापरत नाही. आठ आवर्तनं हाताने वाजवून रेकॉर्ड करतो आणि खुपणारे दोन-चार ठोकेच हलवतो. स्नेअर उशिरा हवी असेल तर ती दर वेळी तेवढीच उशिरा. एकदाच आली तर चूक, दर वेळी आली तर ढंग.

ठोके कुठे ठेवायचे, यालाही मर्यादा आहे. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना कमी-जास्त आडवळणाचे, म्हणजे अपेक्षित मात्रा चुकवणारे, ड्रमचे तुकडे ऐकवले. नाचावंसं सर्वांत जास्त वाटलं ते मधल्या तुकड्यांना. अगदी सरळ ठेक्यात मेंदूला अंदाज बांधायला काही उरत नाही, फार वाकड्यात अंदाज बांधताच येत नाही. बीट गजबजली की आधी किकचे दोन ठोके काढून बघा, भर घालायची नंतर.

आता बेस. हेडफोनवर छाती हलवणारा माझा ८०८ बेस (खोल, घुमणारा यांत्रिक खर्ज) मोबाइलवर लावला आणि चक्क गायब! ५० हर्ट्झचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरला झेपतच नाही. यावर उपाय कानाच्याच एका खोडीत आहे. बेसला थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित बिघडवला, की त्यात १००, १५०, २००, २५०, ३०० हर्ट्झचे उपस्वर तयार होतात. मोबाइल त्यातले वरचेच वाजवतो, पण त्यांच्यातलं ५०-५० चं अंतर पाहून मेंदू न वाजलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. हादरा मिळत नाही, पण सुरावट कळते.

दुसरी खोडी जास्त महागात पडते. हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, मोठ्या आवाजात भरपूर. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. रात्री आवाज चढवून केलेलं मिक्स सकाळी हळू लावलं की पोकळ वाटतं, ते यामुळेच. शिवाय नुसता आवाज जरा वाढला तरी ‘सुधारलं’ असा भास होतो. प्लगइन लावून बीट भारी वाटली, की आधी प्लगइनसह आणि प्लगइनशिवाय, दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकायचा. माझी निम्मी प्लगइन्स या परीक्षेत नापास झाली.

सरावाचं म्हणाल तर मला सर्वांत उपयोगी पडली ती नक्कल. आवडत्या बीटची दोन आवर्तनं घ्यायची आणि नुसत्या कानाने, स्क्रीनकडे न बघता, तीच पुन्हा बांधायची. मग दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून झूम करायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा माझी स्नेअर रेघेवर होती आणि मूळची तिच्या केसभर अलीकडे, दोन्ही आवर्तनांत तेवढीच. मी माझी तेवढी अलीकडे ओढली आणि प्ले दाबलं. मान माझ्या आधीच हलायला लागली होती.