येरवडा : कच्चे, पक्के आणि मधली भिंत

पुण्यात कुणी ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणालं की समोरचा विचारतो, ‘कुठल्या दारातून?’ मनोरुग्णालय तिथेच आणि तुरुंगही तिथेच.

तुरुंग 1871 चा. चापेकर बंधू 1898-99 मध्ये इथेच फासावर गेले. 1932 च्या सप्टेंबरात गांधीजींचं उपोषण चालू होतं ते याच आवारात, आंब्याखाली खाट टाकून. 24 तारखेला पुणे करारावर सह्याही इथेच झाल्या. पेटीसारखा मिटणारा ‘येरवडा चरखा’ही इथल्याच मुक्कामातला.

सूत, माग, सुतारकाम हे इथे आजही चालतं. बाहेरच्या विक्री केंद्रात दिवाळीला गर्दी होते. मीही एक सागवानी स्टूल आणलंय. दणकट आहे, पॉलिश मात्र यथातथाच.

पण या कारखान्यांत जातो कोण? सक्तमजुरीची शिक्षा झालेला पक्का कैदी. कच्च्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याला, कामाची सक्ती नाही. आणि देशातल्या तुरुंगांत चारांतले जवळपास तीन जण कच्चेच. येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आत माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. त्यातल्या बहुतेकांचा दिवस पुढच्या तारखेकडे डोळे लावून बसण्यात जातो. अंडा सेलमध्ये, म्हणजे कडेकोट बंदोबस्ताच्या अंड्याच्या आकाराच्या विभागात, तर इतरांत मिसळायचीच बंदी, मग कारखाना दूरच. पुनर्वसनाचा सगळा आराखडा ज्यांना बेतून शिवला, ते आत मूठभरच आहेत, असं माझं मत.

वेगळा प्रयोग आपल्याकडे झाला नाही असं नाही. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. मूळ कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचं. कैदी तिथे शेती करायचे, बायकामुलांसह राहायचे, आणि भोवती भिंतच नव्हती. वसाहत अजून आहे. पण तिथे जाणार तोही पक्का कैदीच, चांगल्या वर्तणुकीचा.

1 मे 2022 ला येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली. राज्य सहकारी बँक कैद्याला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज देते, 7 टक्के व्याजाने. घरच्यांना वकिलाची फी, पोरांची शाळा यासाठी पैसे मिळतात. हप्ता कैद्याच्या आतल्या मजुरीतून वळता होतो. मजुरी नसलेल्या कच्च्याच्या घरी वकिलाची फी अजून दागिने मोडूनच भरतात.