सुताची लव आणि आटलेला कपॅसिटर

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताची लव सतत हवेत तरंगत असते आणि यंत्रांना वीज पुरवणाऱ्या सप्लायचा पंखा ती दिवसभर आत ओढत राहतो. असाच एका इलेक्ट्रॉनिक जकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेचा, 24 व्होल्टचा सप्लाय मी उघडला, तेव्हा हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये करड्या लवेचा थर इतका घट्ट बसला होता की चिमट्याने ओढताच त्याची सलग पट्टी निघाली. सोलापुरी चादर तंतूंमध्ये हवा कोंडून ऊब देते. हा थरही नेमके तेच करतो आणि आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. त्यामुळे सफाई आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामे आहेत, असे मी मानत नाही.

आत हात घालण्यापूर्वी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. 230 व्होल्टची घरगुती वीज डायोडमधून गेल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्टचा साठा होतो आणि प्लग काढल्यानंतरही तो टिकून राहू शकतो. म्हणून दोनेक हजार ओहमच्या दणकट रेझिस्टरमधून तो उतरवावा आणि मीटरवर शून्याची खात्री करावी. पेचकस टेकवून ठिणगी पाडण्याची सवय जिवावर बेतू शकते.

लव मऊ ब्रशने सोडवावी, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत आणि सर्किटवरचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सर्किट पूर्ण वाळू द्यावे. कापूस दमट हवेतले पाणी धरतो, त्यामुळे धूळ मिसळलेल्या लवेतून पावसाळ्यात वीज झिरपण्याचीही शक्यता असते.

खरा बिघाड मात्र 24 व्होल्ट बाहेर देणाऱ्या बाजूच्या कपॅसिटरमध्ये होता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमधला कागद द्रवाने भिजवलेला असतो, आणि तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. 105 अंशांवर 2000 तास टिकणारा कपॅसिटर 65 अंशांवर 32,000 तास चालावा. लवेखाली तोच 85 अंशांवर गेला, तर 8000 तासच उरतात, म्हणजे रोज 16 तास चालणाऱ्या मागावर जेमतेम 500 दिवस. उन्हाळ्यात बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो, हेही विसरता येत नाही. द्रव आटत गेला की अंतर्गत रोध वाढतो, आणि रिकामा असताना नीट 24 व्होल्ट दाखवणारा सप्लाय भार पडताच खाली येतो. येथे दोन कपॅसिटरची डोकी फुगली होती. तिसरा दिसायला चांगला होता, पण मोजल्यावर तोही गेलेला निघाला.

105 अंशांचे, कमी अंतर्गत रोधाचे नवे कपॅसिटर धन-ऋण टोके पाहून सोल्डर केले आणि खरखरणारा पंखाही बदलला. पहिली चाचणी 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सप्लायकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, लावून घेतली, कारण आत शॉर्ट राहिला असता तर बल्ब पूर्ण पेटून राहिला असता आणि सप्लाय वाचला असता. बल्ब क्षणभर लखलखून मंदावला. मग बल्ब काढून पूर्ण भार जोडला, तेव्हा तासाभरानंतरही मीटरचा आकडा 24 वरून हलला नव्हता आणि हीटसिंकवरून येणारी हवा कोमटच होती.