नेमतो कोण, काढतो कोण

अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष निवडून आला की चर्चा रंगते ती कोणाला कोणते पद मिळणार याची. साहजिकच आहे, सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने भरायची पदेच तेराशेच्या आसपास आहेत. पण न्यायालये, आयोग आणि मध्यवर्ती बँक राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीपासून किती लांब राहू शकतात, हे नेमणुकीवरून फारसे कळत नाही. त्यासाठी पाहावे लागते ते असे की, खुर्चीत बसलेल्या माणसाला उठवण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्यासाठी कारण द्यावे लागते का.

नेमणुकीची वाट राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात आखून दिलेली आहे. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट संमती देते, मग राष्ट्राध्यक्ष नियुक्तिपत्रावर सही करतो. राजदूत, न्यायाधीश, मंत्री, आयोगांचे सदस्य सगळे याच वाटेने येतात. प्रत्यक्षात उमेदवाराला मालमत्ता आणि उत्पन्नाचे विवरण द्यावे लागते, एफबीआय त्याची पार्श्वभूमी तपासते, मग संबंधित समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी सभागृहात मतदान. चर्चा आवरून मतदानाला जाण्यासाठी पूर्वी 100 पैकी 60 मते लागत. 2013 पासून बहुतेक पदांसाठी आणि 2017 पासून सर्वोच्च न्यायालयासाठीही साधे बहुमत पुरते. नाव पसंत नसेल तर सिनेटने ते फेटाळलेच पाहिजे असेही नाही. नुसते बाजूला ठेवले तरी काम होते. मार्च 2016 मध्ये बराक ओबामा यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गारलंड यांचे नाव दिले. सुनावणीच झाली नाही, आणि जानेवारी 2017 मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपताच नाव आपोआप बाद झाले.

पदावरून काढण्याबद्दल मात्र घटना महाभियोगापलीकडे काहीच सांगत नाही. खरा वाद इथेच आहे, आणि त्याचे परिणाम वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपल्याच्या प्रकरणात, नऊ महिन्यांत दोनदा दिसले.

विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याकडे व्हाइट हाऊसमधील ध्वनिफिती मागितल्या. कॉक्स यांची नेमणूक न्याय खात्याने केली होती, म्हणजे ते प्रशासनाच्याच उतरंडीत होते. 20 ऑक्टोबर 1973 रोजी, शनिवारी, निक्सन यांनी त्यांना काढण्याचा हुकूम दिला. न्याय खात्याचे प्रमुख, अॅटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी तो न पाळता राजीनामा दिला. त्यांच्या खालचे विल्यम रकलशॉस यांनीही नकार दिला. तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉबर्ट बोर्क यांनी सही केली आणि कॉक्स त्याच रात्री पदावरून गेले.

पुढे तोच ध्वनिफितींचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. तिथले चार न्यायाधीश निक्सन यांनीच नेमलेले होते. त्यातले एक, विल्यम रेन्क्विस्ट, सुनावणीतून बाजूला झाले. उरलेल्या तिघांसह आठही न्यायाधीशांनी 24 जुलै 1974 रोजी एकमताने फिती देण्याचा आदेश दिला आणि निकाल लिहिला तो निक्सन यांनीच नेमलेले सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी. सोळा दिवसांत निक्सन पायउतार झाले. हुकूम न पाळणारे दोन अधिकारी आणि हे आठ न्यायाधीश यांच्या सचोटीत फरक नव्हता. फरक होता तो तिसऱ्या अनुच्छेदाचा: न्यायाधीश 'सद्वर्तन असेतोवर' पदावर राहतो आणि पदावर असताना त्याचा पगार कमी करता येत नाही. काढण्याचा एकच मार्ग म्हणजे महाभियोग, आणि आजवर त्यात दोषी ठरून पद गमावलेले संघीय न्यायाधीश अवघे आठ.

या दोन टोकांच्या मध्ये नियामक आयोग येतात. 1920 मध्ये वुड्रो विल्सन यांनी पोर्टलंडचे पोस्टमास्टर फ्रँक मायर्स यांना मुदतीआधीच काढले. कायद्याने त्यासाठी सिनेटची संमती लागत होती, ती घेतली नव्हती. 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश विल्यम टाफ्ट स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष होते, हे विसरून चालणार नाही. नऊच वर्षांत न्यायालयाने या निकालाला मर्यादा घातली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी व्यापारातील गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनचे सदस्य विल्यम हम्फ्री यांना, धोरणे जुळत नाहीत म्हणून, 1933 मध्ये काढले. कायदा सांगत होता की अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन असेल तरच सदस्याला काढता येईल. हम्फ्री वारले, त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने थकलेल्या पगारासाठी दावा लावला आणि 1935 मध्ये तो एकमताने जिंकला. स्वतंत्र आयोगांची पुढची सगळी उभारणी या पगाराच्या दाव्यावर झाली. 2020 मध्ये न्यायालयाने हे संरक्षण एकच संचालक असलेल्या संस्थेला नाकारले. 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच कमिशनच्या दोन सदस्यांना कारण न देता काढले, तेव्हा 1935 च्या निकालालाच आव्हान मिळाले.

संरक्षणाचा दुसरा भाग मुदतींच्या आखणीत असतो. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या मंडळावर सात सदस्य, प्रत्येकाची मुदत 14 वर्षे, आणि दर सम वर्षाच्या 31 जानेवारीला एक मुदत संपते. कोणी मध्येच राजीनामा दिला नाही तर चार वर्षांत राष्ट्राध्यक्षाच्या वाट्याला दोनच जागा येतात. गोची अशी की मध्येच राजीनामे येतातच, आणि मग हे गणित बिघडते.

सिनेटला वळसा घालण्याचा एक मार्ग घटनेतच आहे: सभागृह सुटीवर असताना तात्पुरती नेमणूक. ओबामा यांनी जानेवारी 2012 मध्ये तीन दिवसांच्या खंडात कामगार-मालक तंट्यांचे निर्णय देणाऱ्या नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डावर तीन सदस्य नेमले. 2014 मध्ये न्यायालयाने एकमताने त्या नेमणुका रद्द ठरवल्या. दहा दिवसांहून लहान सुटी सहसा पुरेशी नाही, असे सांगितले. या सदस्यांच्या काळात बोर्डाने दिलेले शेकडो निर्णय एका फटक्यात अडचणीत आले.

पण एखादी संस्था निकामी करायला चुकीची नेमणूकही लागत नाही, जागा रिकामी ठेवली की पुरते. या बोर्डाला निर्णय द्यायला पाचपैकी किमान तीन सदस्य लागतात. जानेवारी 2025 मध्ये ग्विन विल्कॉक्स यांना काढल्यावर दोनच उरले आणि निर्णय थांबले. त्याआधी मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाचे हाल याहून वाईट झाले होते. नोकरीवरून काढलेले संघीय कर्मचारी ज्याच्याकडे दाद मागतात, तेच हे बोर्ड. तीन सदस्यांपैकी किमान दोन हवेत, पण जानेवारी 2017 पासून एकच होता आणि मार्च 2019 पासून एकही नव्हता. नावे सुचवली गेली, पण सिनेटमध्ये अंतिम मतदान झाले नाही. खालच्या पातळीवरचे निर्णय येत राहिले आणि त्यांवरचे अर्ज बोर्डापुढे साठत गेले. मार्च 2022 मध्ये नवे सदस्य आले, तेव्हा त्यांच्यापुढे सुमारे 3,800 प्रकरणे पडून होती.